साडेनऊला वीज तोडणार: एका निवृत्त शिक्षकाच्या फोनचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा ज्येष्ठ नागरिक संघ आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दर मंगळवारी सकाळी मी संघाच्या खोलीत बसतो. पासबुकातली नोंद कळत नाही, एटीएमचा पिन विसरला, हयातीच्या दाखल्याला अंगठा उमटत नाही, असल्या अडचणी घेऊन लोक येतात. अलीकडे निम्मे लोक मोबाइल पुढे करून एवढंच विचारतात, "बघा हो, हे खरं आहे का?"

हे प्रकरण ज्यांचं आहे ते मात्र कधी विचारायला आले नव्हते. उलट मी नसलो की माझ्या खुर्चीवर तेच बसायचे. त्यांच्या परवानगीनं लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना गुरुजी म्हणू, घरच्यांना काकू. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, वय ७१. मुलगा पुण्यात नोकरीला. पेन्शनच्या खात्यात त्या वेळी तीन लाखांच्या आसपास रक्कम होती, कारण डिसेंबरात मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं.

गुरुजी भोळे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचताना तसं वाटण्याचा संभव आहे. विजेचं बिल ते दर महिन्याला पतसंस्थेच्या खिडकीवर रोख भरतात आणि पावती भिंतीवरच्या तारेला टोचतात. त्या तारेवर कित्येक वर्षांच्या पावत्या आहेत. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान डिजिटल अरेस्टबद्दल बोलले, ते गुरुजींनी रेडिओवर ऐकलं आणि त्याच आठवड्यात संघात सगळ्यांना समजावून सांगितलं: व्हिडिओ कॉलवर अटक अशी गोष्ट कायद्यात नाही, थांबा, विचार करा, मग कृती करा. त्यानंतर अठराव्या दिवशी त्यांचे स्वतःचे पैसे गेले.

त्या संध्याकाळी काय झालं

गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं. प्रत्येकाचा फोन दिवसभर वाजत होता. उचलला की उमेदवाराचा रेकॉर्ड केलेला आवाज. अनोळखी नंबर म्हणजे काहीतरी वेगळं, ही जाणीवच त्या पंधरवड्यात बोथट झाली होती. त्यात नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. कुठून ना कुठून फोन येणारच, असं गुरुजींनी धरूनच ठेवलं होतं.

संध्याकाळी ६.४० ला मोडक्यातोडक्या इंग्रजीत मेसेज आला. मतलब असा: प्रिय ग्राहक, मागील महिन्याचं बिल अपडेट न झाल्यामुळे आज रात्री ९.३० वाजता तुमची वीज तोडली जाईल, ताबडतोब आमच्या वीज अधिकाऱ्याशी संपर्क करा. खाली दहा आकडी मोबाइल नंबर.

या मेसेजचं वाईट कौतुक वाटतं ते एका शब्दासाठी. 'तुम्ही बिल भरलं नाही' असं तो म्हणत नाही. तसं म्हटलं असतं तर गुरुजींनी तारेवरची पावती काढून नंबरवाल्याला दोन शब्द सुनावले असते. तो म्हणतो, बिल 'अपडेट' झालेलं नाही. रोख भरणाऱ्याला हे लगेच पटतं, कारण खिडकीवर भरलेलं बिल कंपनीच्या नोंदीत दिसायला कधीकधी दिवस-दोन दिवस लागतात, हे त्याला अनुभवानं ठाऊक असतं. वेळही अशी निवडलेली, की महावितरणचं ऑफिस बंद झालेलं आणि अंधार पडलेला.

फोन गुरुजींनीच केला. समोरचा हिंदीत बोलत होता, आवाज नम्र. त्यानं ग्राहक क्रमांक विचारला. गुरुजींनी पावतीवरचा बारा आकडी क्रमांक वाचून दाखवला आणि त्यानं तो परत म्हणून दाखवला. "त्याच्याकडे माझा नंबर होता हो," असं गुरुजी मला नंतर म्हणाले. तो त्यांनीच दिला होता, हे लक्षात यायला त्यांना दोन दिवस लागले.

मग नेहमीचंच. अपडेटसाठी फक्त दहा रुपये ऑनलाइन भरा. जमत नाही? मी मदत करतो, एक ॲप घ्या. त्या ॲपनं गुरुजींच्या फोनचा पडदा समोरच्याला दिसू लागला. एक लिंक आली, तिच्यावर महावितरणसारखं दिसणारं पान. त्यात गुरुजींनी डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले. ओटीपी आले ते पडद्यावर वरच्या बाजूला झळकले आणि समोरच्यानं वाचून घेतले. गुरुजींनी ओटीपी कुणालाही तोंडानं सांगितला नाही, ही गोष्ट ते आजही ठासून सांगतात आणि ती खरी आहे.

७.१४ ते ७.१९ या पाच मिनिटांत २४,९९०, पुन्हा २४,९९० आणि मग १९,८०० रुपये गेले. एकूण ६९,७८०.

चौथा व्यवहार झाला नाही तो काकूंमुळे. त्या देवापाशी दिवा लावत होत्या. फोन एकसारखा टिंगटिंग करतोय म्हणून बाहेर आल्या आणि गुरुजींचा चेहरा बघून म्हणाल्या, "आधी तो फोन बंद करा." गुरुजी म्हणाले, "अगं, काम चाललंय." काकूंनी फोन हातातून काढून घेतला आणि बटण दाबून धरून तो बंद करून टाकला. काकूंना ॲपमधलं काही कळत नाही. पण त्या क्षणी करण्यासारखी योग्य गोष्ट हीच होती: फोन बंद म्हणजे पडदा बंद.

पहिला तास

फोन ७.२० ला बंद झाला, माझ्यापर्यंत निरोप ८.०५ ला आला. मधली पंचेचाळीस मिनिटं गुरुजी पलंगावर बसून होते. काकूंना त्यांनी बजावलं होतं, कुणाला सांगायचं नाही, मुलाला तर मुळीच नाही. ज्या माणसानं संघात सगळ्यांना सावध केलं, त्यालाच गंडवलं, हे गावात पसरलं तर काय तोंड दाखवायचं, हा एकच विचार.

काकू विरजण मागायच्या निमित्तानं आमच्याकडे आल्या. वाटी हातात धरूनच त्यांनी हिला सगळं सांगितलं. मी चप्पल घालून निघालो.

त्यांच्या घरी पोहोचल्यावर पहिला प्रश्न होता, आधी काय? गुरुजींना पोलीस ठाण्यात जायचं होतं, कारण त्यांच्या पिढीला तक्रार म्हणजे तेच. काकूंच्या साध्या फोनवरून मुलाला कळवलं, तर तो लगेच गाडी काढून निघायचं म्हणत होता. दोन्ही स्वाभाविक होतं आणि दोन्ही त्या घडीला निरुपयोगी. पैसा चोराच्या पहिल्या खात्यात थांबत नाही. तिथून तो दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातो, वॉलेटमध्ये भरला जातो, गिफ्ट व्हाउचर होतात. तो वाटेत कुठेतरी अडवायचा तर दोनच फोन कामाचे: बँकेला कार्ड बंद करायला आणि १९३० ला. १९३० ही आर्थिक सायबर फसवणुकीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे नोंद झाली की ज्या बँकेत किंवा वॉलेटमध्ये पैसा पोहोचला असेल तिथवर सूचना जाते आणि उरलेली रक्कम गोठवता येते.

इथे एक बारीक गोष्ट घडली, ती सांगायलाच हवी. मुलानं पुण्याहून इंटरनेटवर बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधला आणि आम्हाला सांगितला. दहा आकडी मोबाइल नंबर. मी म्हटलं, थांब, कार्डाच्या मागे बघू. कार्डामागचा नंबर १८०० नं सुरू होत होता. मुलानं दिलेल्या नंबरावर आम्ही फोन केलाच नाही. पण शोधात वर दिसणारे खोटे कस्टमर केअर नंबर हा याच धंद्याचा दुसरा गाळा आहे, आणि घाबरलेलं माणूस तिथे आपणहून चालत जातं.

८.२० ला कार्ड बंद झालं. १९३० दोनदा व्यस्त लागला, तिसऱ्या वेळी ८.३५ ला लागला. त्यांना खाते क्रमांक, रकमा, वेळा आणि प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हवा होता. तो सगळा मजकूर बंद फोनमधल्या मेसेजांत. फोन सुरू करावा तर चोर पुन्हा आत येण्याची भीती. शेवटी वायफायचा राउटर काढला, फोन सुरू केला, लगेच विमानाचं चिन्ह दाबलं, आधी ते ॲप काढून टाकलं आणि मग मेसेज उघडून आकडे वाचून दाखवले. तक्रारीचा पोचक्रमांक मेसेजनं येतो, म्हणून संपर्कासाठी काकूंचा नंबर दिला. रात्रीच मुलानं राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर सविस्तर तक्रार भरली. १९३० वरच्या नोंदीनंतर ती २४ तासांच्या आत करायची असते.

साडेनऊ वाजता गुरुजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दिवे चालू होते. "रात्री फ्यूज उडाला तर आपला वायरमन सकाळशिवाय येत नाही," ते म्हणाले, "तो तोडायला कुठून येईल?" त्या रात्री ते एवढंच एक वाक्य बोलले.

तक्रार आणि पैसे

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. तिथे आधी ऐकायला मिळालं की पोर्टलवर तक्रार झाली आहे, आता इथे वेगळं काही लागत नाही. आम्ही अर्जावर पोच मागितली आणि ती मिळाली. पुढे कोर्टात तोच कागद उपयोगी पडला.

बँकेत मी मुद्दाम सोबत गेलो. ६ जुलै २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक मला पाठ आहे, नोकरीत असताना मीच ते ग्राहकांना दाखवायचो. ग्राहकाची चूक नसेल आणि तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले असतील, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाला झळ बसत नाही. पण ग्राहकाच्याच निष्काळजीपणानं गुप्त माहिती बाहेर गेली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. बँकेनं दुसऱ्या कलमावर बोट ठेवलं. 'मी ओटीपी सांगितला नाही' हे गुरुजींचं म्हणणं अक्षरशः खरं होतं, पण ॲप त्यांनी स्वतः घेतलं होतं आणि कार्डाचे आकडे स्वतः भरले होते. टेबलाच्या त्या बाजूला मी असतो तर मीही बहुधा तेच उत्तर लिहिलं असतं. ही कबुली गुरुजींपुढे द्यायला मला जड गेलं.

पुढचा पर्याय रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा होता. बँकेनं नकार दिला किंवा तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर तिथे विनाशुल्क तक्रार करता येते. गुरुजींना पुन्हा सगळं लिहून काढायचं नव्हतं. मीही आग्रह धरला नाही.

आठवड्याभरात कळलं, की शेवटचे १९,८०० रुपये एका वॉलेटमध्ये तसेच अडकले आहेत आणि दुसऱ्या व्यवहारातले ८,४०० सुद्धा. म्हणजे २८,२०० गोठले, ४१,५८० पुढे निघून गेले. पहिले २४,९९० तर आम्ही १९३० ला फोन लावण्याच्या खूप आधीच व्हाउचरमध्ये विरले होते.

दुसरी अडचण: न थांबणारे फोन

पैशांचं प्रकरण मार्गी लागलं असं वाटत असतानाच खरी कटकट सुरू झाली. गुरुजींच्या नंबरावर दिवसाला चार-पाच, कधी आठ-दहा अनोळखी फोन येऊ लागले. माझा तर्क असा, की जो नंबर एकदा 'लागतो' त्याची किंमत वाढते आणि तो यादीतून यादीत फिरतो.

गुरुजींनी यावर शिक्षकाला सुचेल तेच केलं. शंभर पानी वही घेतली, पट्टीनं रकाने आखले: तारीख, वेळ, नंबर, कोण म्हणून बोलला, काय मागितलं, आणि शेवटचा रकाना 'खरा की खोटा'. १७ नोव्हेंबर ते १६ डिसेंबर या तीस दिवसांत १४३ नोंदी झाल्या. कर्ज आणि क्रेडिट कार्ड ५२. उचलताच बंद झालेले ३८. 'दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल, ९ दाबा' असा ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नावानं रेकॉर्ड केलेला आवाज ११ वेळा. पार्सल अडकल्याचे ७, 'तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो' असे ४. प्लॉट, विमा, शेअरच्या टिपा वगैरे २२. आणि खरे निघालेले ९.

ती वही संघात फिरली. मला वाटतं, लाज गेली ती तिथे. फसलेला माणूस म्हणून तोंड लपवणारे गुरुजी वहीचे मालक म्हणून खुर्चीवर बसले. त्या मंगळवारी आणखी तिघांनी आपापल्या गोष्टी सांगितल्या. त्यातली एक दीड वर्षं जुनी होती आणि त्यांच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती.

समोर असलेले पर्याय

मुलाचं म्हणणं सरळ होतं: "अण्णा, नंबरच बदला." ऐकायला सोपं. पण तो नंबर आधारला, पेन्शनला, गॅसच्या बुकिंगला जोडलेला. तीस वर्षांत शिकवलेल्या विद्यार्थ्यांकडे तोच. शिवाय सोडून दिलेला नंबर कंपनी नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला देऊ शकते. एखाद्या ठिकाणी बदलायचा राहिला तर तिथला ओटीपी परक्या माणसाच्या खिशात वाजणार. हा पर्याय आम्ही बाजूला ठेवला.

नाव दाखवणारं ॲप सुनेनं सुचवलं. मी कुतूहल म्हणून माझ्या फोनवर १४ तारखेचा तो नंबर टाकून पाहिला. नाव आलं 'बिजली ऑफिस'. लोकांनी जे नाव साठवलं तेच ते दाखवणार, आणि चोरही लोकांतच मोडतात. वर आपली सगळी संपर्कयादी त्याच्या हवाली करायची.

डीएनडी तर करायलाच हवं होतं: १९०९ वर मेसेज किंवा फोन करून सगळ्या जाहिराती बंद. त्यानं नोंदणीकृत कंपन्यांचे, म्हणजे १४० पासून सुरू होणारे फोन बरेच थांबतात. पण दहा आकडी नंबरावरून बोलणारा भामटा डीएनडीची यादी बघून फोन करत नाही. वहीतल्या १४३ पैकी फार थोडे त्यात बसले असते.

उरला पर्याय, संपर्कयादीत नसलेल्या नंबरांची घंटीच बंद करण्याचा. तो गुरुजींना आवडला आणि त्यांनी २५ नोव्हेंबरला तो लागू केला. घर एकदम शांत झालं. ४ डिसेंबरला ते डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी उपाशीपोटी बसनं रुग्णालयात गेले, तर डॉक्टर रजेवर. तारीख बदलल्याचा फोन आदल्या दिवशी दोनदा येऊन गेला होता, न वाजता.

काय केलं

त्या फेरीनंतर आम्ही तिघं, म्हणजे गुरुजी, मुलगा आणि मी, कागद घेऊन बसलो. तोवर आम्ही 'फोन कसे थांबवायचे' याच्याच मागे होतो. मुलगा म्हणाला, "काका, फोन आले तरी चालतील, पण त्या फोनमध्ये पैशांपर्यंत जाणारी वाट नको." इथून विचार बदलला.

चौदाशे रुपयांचा बटणांचा साधा फोन घेतला, त्यात नवीन सिम टाकलं. शाखेत जाऊन खात्याला तो नवीन नंबर जोडला. जुना नंबर जगासाठी तसाच ठेवला. नवीन नंबर फक्त बँक, मुलगा आणि काकू यांना माहीत. ओटीपी आता अशा फोनवर येतो, ज्यात कुठलंच ॲप बसत नाही आणि ज्याचा पडदा कुणाला लांबून दिसत नाही. कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बंद करून ठेवले, लागतील तेव्हा मुलगा समोर असताना सुरू करायचे. दोन फोनांचा खर्च कशाला, म्हणून गुरुजी कुरकुरत होते. पण ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक काढावे लागले आणि जानेवारीत तोही प्रश्न सुटला.

अनोळखी फोनांसाठी नियम केला. घंटी बंदच, पण सकाळी दहा आणि संध्याकाळी पाचला यादी बघायची. एकाच नंबराचे दोन फोन दिसले तर उलट फोन करायचा. बोलणारा एखाद्या ऑफिसचं नाव सांगत असेल तर त्याचं नाव लिहून घ्यायचं, फोन ठेवायचा आणि आपल्या जुन्या कागदावर छापलेल्या नंबरावर त्या ऑफिसला विचारायचं. रुग्णालय, गॅसवाला, मेडिकलवाला असे चौदा नंबर त्याच दिवशी संपर्कयादीत घातले. वहीतले फसवणुकीचे नंबर मुलगा दर रविवारी सरकारच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद फोन कळवायच्या 'चक्षू' सुविधेवर कळवू लागला. त्याचा परिणाम किती झाला हे मोजायला साधन नाही, पण ज्या नंबरांची तक्रार केली त्यातले काही पुढे लागेनासे झाले, असं गुरुजींच्या वहीत लिहिलेलं आहे.

परत आलेला फोन

९ डिसेंबरच्या नोंदीपुढे लाल शाईची चौकट आहे. यादीत एकाच नंबराचे दोन फोन दिसले म्हणून गुरुजींनी नियमाप्रमाणे उलट फोन केला. या वेळी बोलणारा मराठी. मुंबईच्या सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे ६९,७८० रुपये सापडलेत, कोर्टाची प्रक्रिया म्हणून २,८५० भरा, संध्याकाळपर्यंत खात्यात जमा.

रक्कम शेवटच्या रुपयापर्यंत बरोबर. गुरुजी म्हणतात, त्या क्षणी छातीत धस्स झालं आणि आशाही वाटली, दोन्ही एकदम. रक्कम कुणाला माहीत असणार? बँकेला, पोलिसांना, घरच्यांना. आणि ज्यानं नेली त्याला. हे चौथं नाव पटकन सुचत नाही.

गुरुजींनी विचारलं, "माझ्या तक्रारीचा पोचक्रमांक सांगा." समोरचा म्हणाला, तो सिस्टिममध्ये आहे, तुम्हीच सांगा. गुरुजी म्हणाले, "ग्राहक क्रमांक मी एकदा सांगून बसलोय." आणि फोन ठेवला.

निष्पत्ती

गोठवलेल्या रकमेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज केला. सोबत पोचक्रमांक, खात्याचा उतारा, पोलीस ठाण्याची पोच. तारखा पडल्या, वॉलेट कंपनीचं उत्तर उशिरा आलं. जुलै २०२५ मध्ये २८,२०० रुपये पेन्शनच्या खात्यात जमा झाले. ४१,५८० गेले ते गेले. त्यांचा माग ज्या खात्यांपर्यंत पोहोचला ती भाड्यानं दिलेली खाती होती, एवढंच आम्हाला सांगण्यात आलं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत झालं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात महाग पडली ती पंचेचाळीस मिनिटं. काकू ७.२५ ला आल्या असत्या तर किती वाचले असते हे सांगता येत नाही, पण जे वाचलं ते ८.३५ च्या फोननं वाचलं, एवढं नक्की. म्हणून संघात आता आम्ही १९३० चा आकडा दारामागे चिकटवायला सांगतो आणि त्याखाली शेजारच्या एका माणसाचं नाव, ज्याला सांगायची लाज वाटणार नाही.

दुसरी चूक आमची, संघाची. आम्ही दर महिन्याला एकेक सोंग ओळखायला शिकवत होतो: हा डिजिटल अरेस्टवाला, हा केवायसीवाला, हा लॉटरीवाला. गुरुजींना पोलिसाचा वेष ओळखता येत होता, त्या आठवड्यात चोर वायरमनच्या वेषात आला. त्याऐवजी ज्याची भीती घालतात त्या गोष्टीचा खरा रिवाज माहीत असता, तर मेसेज वाचतानाच हसू आलं असतं. थकबाकीसाठी वीज तोडायची तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस लागते. तीन तासांच्या मुदतीची वीजतोड कायद्यातच नाही. महावितरणचे मेसेज कुणाच्या खाजगी मोबाइलवरून येत नाहीत, पाठवणाऱ्याच्या जागी कंपनीचं नाव असतं, आणि शंका आली तर १९१२ हा नंबर रात्रीही लागतो. २०२५ पासून अशा नावांच्या शेवटी एक इंग्रजी अक्षरही येतं: पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकार. संघात हे आम्ही आता पाढ्यासारखं म्हणून घेतो.

लोकपालाकडे जायला हवं होतं. निकाल कदाचित विरोधात गेला असता, पण खर्च नव्हता आणि मला कलमं ठाऊक होती. मी बँकेच्या बाजूनं विचार करण्याची सवय सोडली नाही, असं आता वाटतं.

आणि घंटी बंद ठेवण्याचा नियम अजून आम्हाला नीट जमलेला नाही. मार्च २०२५ मध्ये लाइनमनचा फोन आला, डीपीचं काम आहे, दुपारी वीज जाईल. गुरुजींनी त्याचं नाव लिहून घेतलं आणि खात्री करायला सायकलनं थेट ऑफिसात गेले. तोच लाइनमन तिथे चहा पीत बसलेला. त्याची नोंद 'खरा' म्हणून आहे. तिच्याच खाली मेमधली आणखी एक. परदेशातल्या एका नंबराचे पाठोपाठच्या चार दिवसांत चार फोन, रोज एक, रात्री उशिरा. परदेशी नंबरावर उलट फोन करायचा नाही, हा आमचाच नियम, म्हणून गुरुजींनी केला नाही. तो त्यांचा १९९४ च्या तुकडीचा विद्यार्थी होता, सुट्टीत गावी येणार होता आणि गुरुजी घरी आहेत का, एवढंच त्याला विचारायचं होतं. तो आला तेव्हा हे दोघं पुण्याला मुलाकडे गेले होते. शेवटच्या रकान्यात गुरुजींनी आधी पेन्सिलीनं 'खोटा' लिहिलं होतं, ते खोडून शाईनं 'खरा' केलं आहे. पेन्सिलीचं अक्षर अजून दिसतं.